कलीने मागितलेली जागा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिकातल्या रविवारच्या सत्संगात महाराजांनी जे सांगितलं, ते सेवेकऱ्यांनी उतरवून घेतलं आहे. थोडं मोठं आहे, पण शेवटपर्यंत वाचावं. घरात मोठ्याने वाचलं तर अधिक बरं.

*एका आईची गोष्ट*

बाबांनो, मायबहिणींनो, आज पोथीतली गोष्ट नंतर. आधी एका आईची गोष्ट सांगतो. तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव सांगणार नाही. डिचोली तालुका, एवढंच.

तिच्या घरधन्याचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, मग थोड्या चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. शेवटी ट्रक विकला. कर्ज फेडून जे उरलं ते मुलीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलं. मुलगा मोपाला विमानतळावर कामाला. चांगला मुलगा. आपल्या भजनात टाळ धरायचा. घरातलं बँकेचं, वीजबिलाचं सगळं काम तोच फोनवरून करायचा.

हा मुलगा क्रिकेटची मॅच असली की फोनवर टीम लावायचा. दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे, एक कॅप्टन, एक व्हाइस कॅप्टन. मैदानात त्यांनी जशा धावा केल्या, विकेट काढल्या, तसे गुण. सुरुवातीला पन्नास रुपये लावायचा. आईने एकदा विचारलं, "पुता, हो झुगार मरे?" तो हसला. म्हणाला, "न्हय गे आये. झुगार नशिबाचो. हातूंत डोकें लागता. कोर्टानय सांगलां."

आई बिचारी गप्प बसली. कोर्टाने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केला आणि पैशांचे हे खेळ बंद झाले. पोरगा दोन आठवडे मोकळा वावरला. चतुर्थीत माटोळी बांधायला सगळ्यात पुढे होता. मग कोणा मित्राने फोनवर एक लिंक पाठवली, परदेशातल्या कुठल्याशा ॲपची. गेलेलं परत काढतो म्हणून तो तिथे शिरला. नवरात्रात आई पासबुक भरायला बँकेत गेली. मशीनमधून पासबुक बाहेर आलं, आणि ठेव मोडलेली दिसली.

त्या रात्री मुलगा घरी आला नाही. फोन बंद. गावातली चार माणसं टॉर्च घेऊन निघाली. पहाटे तो फेरीधक्क्यावर सापडला. शेवटची फेरीबोट कधीच गेली होती. हा पायरीवर पाण्याकडे बघत बसला होता.

देवाने राखलं. तो आज आपल्यात आहे. पण त्या आईने मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधायलाच आज बसलोय. ती म्हणाली, "महाराज, जर तो जुगारच होता, तर कोर्टाने नाही का म्हटलं? आणि जर नव्हता, तर माझं घर कसं बुडालं?"

*डोकं लागतं म्हणजे जुगार नाही का?*

कोर्टाने काय म्हटलं ते आधी प्रामाणिकपणे समजून घेऊ. कोणावर उगाच दोष नको.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून, १८६७ च्या कायद्यापासून, एक भेद चालत आला आहे. नुसत्या नशिबाचा खेळ तो जुगार, आणि कौशल्याचा खेळ तो जुगार नव्हे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर वर्तमानपत्रातून चालणाऱ्या, बक्षिसाच्या शब्दकोड्यांसारख्या स्पर्धांचं प्रकरण आलं. तेव्हा न्यायालयाने जुगाराला व्यापार मानायला नकार दिला, पण ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे अशा स्पर्धेला जुगाराबाहेर ठेवलं. त्याच धाग्याने २०१७ साली पंजाब आणि हरियाणाच्या उच्च न्यायालयाने, आणि २०१९ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनच्या खेळात कौशल्य आहे असं म्हटलं. खेळाडू निवडायला अभ्यास लागतो, हे त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. तो मुलगा खेळपट्टी, हवामान, मागचे दहा डाव, सगळं वहीत लिहून ठेवायचा. तेवढा अभ्यास बारावीला केला असता तर, असं आई म्हणते!

पण आता एक साधा हिशेब करा. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये लावले. पाच हजार जमले. समजा चालवणाऱ्याने साडेसातशे आपले काढून घेतले. वाटायला उरले सव्वाचार हजार. आता हे शंभरही जण रात्रंदिवस अभ्यास करून हुशार झाले, तर वाटायचे पैसे वाढतील का? नाही वाढणार. शंभर हुशार माणसं मिळून साडेसातशे हरणारच. अशा साठ मॅच झाल्या की पंचेचाळीस हजार गेले. शेतात कौशल्य वाढलं तर भात वाढतो. सुताराचं कौशल्य वाढलं तर पाट सरळ होतो. इथे सगळ्यांचं कौशल्य वाढलं तरी दाणा एक वाढत नाही. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातं, आणि वाढणारा प्रत्येक फेरीला आपला वाटा काढतो.

कौशल्य आहे की नाही, हा प्रश्न खोटा नाही, पण तो अपुरा आहे. महाभारताच्या वनपर्वात नळराजाची कथा आहे. नळ हा पुण्यवान, शूर, घोड्यांची विद्या जाणणारा. कली त्याच्या अंगात शिरायला बारा वर्षं टपून बसला होता. बारा वर्षं! एक दिवस राजा पाय न धुता संध्येला बसला, आणि तेवढ्या फटीतून कली आत गेला. मग पुष्कराबरोबर फासे. राज्य गेलं, अंगावरचं वस्त्र तेवढं उरलं.

पुढे अयोध्येचा राजा ऋतुपर्ण त्याला भेटतो. तो बेहड्याच्या झाडाकडे एकदा बघून पानं आणि फळं किती ते सांगतो. ही मोजण्याची विद्या, हेच फाशांचं मर्म, तो नळाला शिकवतो. म्हणजे फाशांतही विद्या होती! आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. तरीही नळाचं जे झालं त्याला त्यांनी कौशल्याची हार म्हटलं नाही. कली शिरला म्हटलं. कारण त्यांची परीक्षा वेगळी होती. डावावर काय लावलंय? हरल्यावर कोण रडतं? आणि माणसाला उठता येतं का? या तीन प्रश्नांवर खेळ आणि जुगार वेगळे होतात. त्या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

*राजाने काय करावं?*

उरलेलं अर्धं उत्तर राज्यकर्त्यांकडे आहे. इथे आपली शास्त्रंही एकमताने बोलत नाहीत, हे मोकळेपणाने सांगतो.

मनुस्मृतीतलं सगळंच आज आपण मानत नाही, मानूही नये. पण त्यात एक भेद बघण्यासारखा आहे. निर्जीव वस्तूंवर, म्हणजे फाशांवर, पैसे लावणं ते द्यूत. जिवंत प्राण्यांच्या झुंजीवर, शर्यतीवर पैसे लावणं तो समाह्वय. दुसरा कोणी पळतो, दुसरा कोणी झुंजतो, आणि आपण बाहेर बसून पैसे लावतो. आजची फोनवरची टीम कुठल्या खान्यात बसते, तुम्हीच बघा. आणि मनू दोन्हींना चोरीच्या पंक्तीला बसवून राज्याबाहेर घालवायला सांगतो.

कौटिल्य मात्र व्यवहारी माणूस. तो म्हणतो, द्यूताध्यक्ष नेमा, एकाच जागी खेळू द्या, दुसरीकडे खेळला तर दंड करा, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच राजाने घ्यावेत. त्याचं कारणही साधं आहे. उघड्यावर असलं की चोर सापडतात. आजही परवान्याच्या बाजूचे लोक हेच म्हणतात: बंदी घातली की पोरं परदेशी ॲपवर जातात, त्यापेक्षा वय तपासा, रकमेला मर्यादा घाला, नजर ठेवा. आपल्या मुलाचं तसंच झालं ना? म्हणून हे म्हणणं मी उडवून लावणार नाही.

आपल्या घटनेत जुगार आणि पैजा हा विषय राज्यसूचीत, चौतिसाव्या नोंदीत आहे. म्हणून प्रत्येक राज्य आपापल्या बुद्धीने चाललं. सिक्कीमने २००८ साली आणि नागालँडने २०१६ साली परवान्याचा रस्ता धरला. तेलंगणाने २०१७ साली आणि आंध्रने २०२० साली बंदी घातली. कर्नाटकानेही बंदी घातली, पण २०२२ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आता सांगा, पत्रादेवीच्या नाक्यावर पोलीस गाडीची डिकी उघडून दारूची बाटली काढू शकतो. दोडामार्गाच्या नाक्यावरही काढू शकतो. खिशातल्या फोनातला डाव तो कुठल्या नाक्यावर अडवणार? एका राज्याची बंदी आणि शेजारच्या राज्याचा परवाना, दोन्ही एकाच मोबाइलच्या मनोऱ्याखाली येतात.

म्हणून २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला केंद्राचा कायदा महत्त्वाचा. त्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. निकाल द्यायचा तो न्यायालय देईल. आपण पक्षाचं राजकारण करत नाही. पण धर्माच्या बाजूने बघितलं तर कायद्याने योग्य जागी बोट ठेवलं, असं मला वाटतं. त्याने डोक्याकडे न बघता डावाकडे बघितलं.

आणि आता आपल्या गोव्याकडे बघू. इथे भागवतातली परीक्षिताची गोष्ट आठवते.

परीक्षित राजाने कलीला पकडलं. तलवार उपसली. कली पायावर लोळला, म्हणाला, राजा, मी जाऊ कुठे? मला राहायला जागा दे. राजाने चार जागा दिल्या, त्यातली पहिली द्यूत. कली म्हणाला, आणखी एक दे. मग राजाने सोनं दिलं. आणि त्या एका जागेतून खोटेपणा, मद, काम, क्रौर्य, वैर सगळंच आत आलं. कथेकरी तर सांगतात की कली राजाच्या स्वतःच्याच मुकुटातल्या सोन्यात जाऊन बसला.

कलीने राज्य कधी लढून घेतलं नाही. तो एकेक जागा मागत गेला.

गोव्यात जुगारबंदीचा कायदा आहे, १९७६ चा. १९९२ साली दुरुस्ती झाली, पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना जागा मिळाली. १९९६ साली आणखी दुरुस्ती, जहाजांवर टेबलांना जागा मिळाली. आज पणजीला मांडवीच्या पाण्यात रात्री कसले दिवे लुकलुकतात, ते तुम्हाला माहीत आहे. पेडण्यात धारगळला, तिळारीच्या पाण्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनीवर, कॅसिनोसह मोठं संकुल येणार म्हणून लोकांनी आवाज उठवला. ज्या जमिनीला पाटाचं पाणी पोचवायचं, तिथे ही जागा कोण मागतंय?

बरं, १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्याच सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. ठीक केलं. पण विचार करा, आपल्या लेकराला जे नको, ते पाहुण्याच्या लेकराला कसं चालतं? दारात आलेल्याला आपण पाणी देतो. हे कसलं आतिथ्य?

आणि राजाचा हिस्सा. कौटिल्याने पाच टक्के सांगितले. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा ऑनलाइन खेळात टाकलेल्या सगळ्या रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला. ज्या ताटात आपलाही घास आहे ते ताट उचलून टाकणं अवघड असतं. म्हणून राज्यकर्त्यांकडे हात जोडून एकच मागणं: डावाला डाव म्हणा, फोनातला असो, पत्त्यांचा असो, जहाजावरचा असो. नियम करा, पण त्या पैशावर राज्याचा संसार उभा करू नका. आणि बंदी केलीत तर व्यसनात अडकलेल्यांच्या उपचाराची सोयही गावाजवळ करा.

*आपल्या अंगणातलं*

सरकारला बोलणं सोपं. आता आपलं बघू.

कार्तिक लागला. पेडण्यात, डिचोलीत जत्रा, काले सुरू झाले. मंडपात दशावतार रंगलेला असतो, पहाटे दहीकाला व्हायचा असतो, आणि देवळाच्या मागच्या बाजूला पेट्रोमॅक्सच्या, आता एलईडीच्या, उजेडात पट मांडलेला असतो. आपण बघतो. "वर्षातून एकदा, चालायचंच" म्हणतो. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात हेही काहींना बरोबर आठवतं! ज्या मुलाने लहानपणी बापाच्या कडेवर बसून देवाच्या अंगणात तो पट बघितला, त्याला फोनातला पट पाप कसा वाटेल? पूर्वी गाड्यावर मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान इकडेतिकडे बघून घ्यायचा. आता अंथरुणात, पांघरुणाखाली, अंगठ्याने सगळं होतं. सोनं काढायला पेटी उघडावी लागायची, पेटीची कडी वाजायची, घर जागं व्हायचं. फोनाची कडी वाजत नाही.

आणि माझंही सांगतो. पूर्वी लोक येऊन विचारायचे, "महाराज, स्वप्नात साप दिसला, कुठला आकडा?" मी हाकलून द्यायचो. गेल्या वर्षी एक पोरगा पाया पडला, डोकं ठेवलं, मला वाटलं नाम मागतोय. म्हणाला, "महाराज, आज कॅप्टन कोण घेऊ?" सगळे हसले. मीही हसलो आणि त्याला प्रसाद देऊन वाटेला लावला.

तो हाच मुलगा. फेरीधक्क्यावरचा.

त्या दिवशी मी हसायला नको होतं. बाजूला बसवून विचारायला हवं होतं, "बाळा, किती लावलेस? किती गेले?" एवढंच. ही माझी चूक मी तुमच्यासमोर कबूल करतो. कलीला जागा गुरूच्या ओसरीवरही मिळते.

*दमयंतीने काय केलं?*

नळ खेळत होता तेव्हा नगरातले लोक, मंत्री दाराशी आले. दमयंतीने नळाला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो ऐकेना. तेव्हा तिने रडत बसण्याऐवजी एक शहाणपणाचं काम केलं. विश्वासू सारथी बोलावला आणि दोन्ही मुलांना माहेरी, विदर्भात, पाठवून दिलं. जे वाचवण्यासारखं होतं ते आधी वाचवलं. आणि एवढं होऊनही तिने नळाला टाकलं नाही. शोधत राहिली.

घराने हे दोन्ही करायचं. पैशाची वाट बंद करायची आणि माणसाची वाट उघडी ठेवायची. आपण नेमकं उलटं करतो. फोनात पैसा मोकळा सोडतो आणि पोरगं हरल्याचं सांगायला आलं की दार बंद करतो, "कुळाचं नाव बुडवलंस" म्हणतो. मग ते फेरीधक्क्यावर जातं. अरे, ज्या कायद्यात चालवणाऱ्याला तीन वर्षांची कैद आहे, त्या कायद्यानेही खेळणाऱ्याला गुन्हेगार म्हटलेलं नाही. सरकारला जेवढी माया कळली, तेवढी आईबापाला कळू नये?

पहाटे त्या मुलाला घरी आणलं तेव्हा वडील काय बोलले माहीत आहे? तो ट्रकवाला माणूस, फार बोलणारा नव्हे. म्हणाला, "च्या घे. मागीर हिशेब करूंया." चहा घेतला. मग दोघं वही घेऊन बसले आणि प्रत्येक रुपया लिहून काढला. कर्ज किती, कोणाचं, कसं फेडायचं. मुलीचं लग्न वर्षभर पुढे गेलं आहे. मुलगी म्हणाली, भाऊ राहिला, लग्न होईल.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कोर्टाने बघितलं खेळात डोकं लागतं का. डोकं लागत होतं. पण डावावर तुझ्या मुलीचं लग्न होतं, ते कोणी बघितलं नाही. कायद्याने बघायला उशीर केला, मी हसण्यावारी नेलं, तू कोर्टावर सोडून गप्प बसलीस. आता सगळ्यांनी बघायचं.

*या आठवड्याचा संकल्प*

१. रविवारी आरतीनंतर घरातल्या सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसावं. "कोणी पैसे लावतं का?" असं न रागावता विचारावं. जो खरं सांगेल त्याला त्या दिवशी एक शब्दही लागेल असं बोलू नये.

२. ठेवी, मुलांच्या शिक्षणाचे, लग्नाचे पैसे एकाच माणसाच्या फोनात ठेवू नयेत. पासबुक दर महिन्याला भरावं.

३. आपल्या गावच्या जत्रेत पट मांडू नये म्हणून देवस्थान समितीला नम्रपणे विनंती करावी. भांडण नको. दोन-चार घरांनी मिळून जावं.

४. कोणी अडकला असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फोन करावा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत घेऊन जावं. हा आजार आहे, लाज नव्हे. पैसे फसवणुकीने गेले असतील तर १९३० वर लगेच कळवावं.

५. आणि मला कोणी कॅप्टन विचारू नये! विचारलात तर बसवून घेईन, चहा देईन आणि वही काढायला लावीन.

कली अजून जागा मागत फिरतोय. राजाने त्याला किती द्यायची ते राजा ठरवील. आपल्या उंबरठ्याच्या आत एक वितभरही द्यायची नाही, हे आपल्या हातात आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏

_(सेवेकऱ्यांकडून: हे प्रवचन आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर पाठवावं. त्या कुटुंबाविषयी कोणी तर्क करू नये, विचारणा करू नये, ही महाराजांची आज्ञा आहे. पुढील रविवारी सत्संग नेहमीच्या वेळी.)_